निर्देशांक वापरा, पण बेतानं

वॉर्डाच्या आराखड्यात आरोग्याचे निर्देशांक वापरा, असा आदेश वरून आलाय? घाबरू नका. आकडे नीट हाताळले, तर एक रुपया इकडचा तिकडे न होता अहवाल पार पडतो.

आधी सरासरीचा आसरा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा 2019-21चा अहवाल जिल्ह्यापाशी थांबतो, ही केवढी सोय! मुंबई उपनगर जिल्ह्याच्या एकाच रकान्यात श्रीमंतांची पाली हिल आणि गोवंडीची झोपडवस्ती बैंगणवाडी गुण्यागोविंदानं नांदतात. 2005-06च्या फेरीत मुंबईसह आठ शहरांत झोपडपट्टीचे आकडे वेगळे काढले होते, पण कोणी विचारल्याशिवाय तो विषय काढू नका.

मग छेद, म्हणजे दर काढताना जिनं भागायचं ती लोकसंख्या. वस्ती वाढलेल्या वॉर्डात प्रक्षेपित, म्हणजे आजची अंदाजित, लोकसंख्या घ्या, घटलेल्या वॉर्डात 2011च्या जनगणनेची. दोन्हीकडे छेद मोठा, दर छोटा. नवी जनगणना होईपर्यंत तुम्हाला खोटं ठरवणार कोण?

खरी कला मात्र पत्त्यात आहे. अर्भक मृत्युदर म्हणजे 1,000 जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. 1969च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गोवंडीचं बाळ सायन रुग्णालयात दगावलं, की नोंद सायनच्या एफ उत्तर वॉर्डाची. गोवंडीचा एम पूर्व वॉर्ड स्वच्छ, आणि मोठं रुग्णालय असल्याची शिक्षा सायनला! फॉर्मवर राहण्याचा पत्ताही असतो, हीच काय ती अडचण. एखादा उत्साही डेटा एन्ट्री ऑपरेटर त्यावरून वॉर्डनिहाय यादी लावायला बसला, तर त्याला ताबडतोब निवडणुकीच्या कामाला जुंपा. तसा तो दमेलच म्हणा. 'शिवाजीनगर, मशिदीच्या मागे' एवढ्यावर वॉर्ड ठरवायचा, तर मुंबईत शिवाजीनगरं काय कमी आहेत? त्यातून बाळंतीण माहेरच्या गावचा पत्ता देऊन मोकळी झालेली असते.

एवढं करूनही दर चढलाच, तर एका वर्षाचे आकडे फारच थोडे आहेत असं म्हणा. खरंच असतात. म्हणूनच जाणकार तीन वर्षांचे एकत्र करतात. तुम्ही ते करायचं नाही.

क्षयरोगाचे रुग्ण घटल्याचं श्रेय बिनधास्त घ्या. 2019 साली देशात सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले, 2020 साली 18 लाख. करोनात तपासण्या रोडावल्या होत्या, पण तपासण्यांचा रकाना अहवालात असतो कुठे?

शौचालयांचा निकष 25 बायकांमागे किंवा 35 पुरुषांमागे एक सीट. सीट मोजा. कुलूप, फुटलेलं भांडं, कोरडी टाकी आणि रात्री गुल होणारा दिवा या बाबी 'देखभाल' या सदरात जातात. ते सदर दुसऱ्या खात्याचं.

शहरातली आरोग्याची विषमता मोजणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अर्बन हार्ट' या साधनात वस्त्यांना हिरवा, पिवळा, लाल रंग देतात. छपाई काळी-पांढरी करा.

शिफारशींत नगररचनेचं, म्हणजे आपल्याच खात्याचं, नाव चुकूनही नको. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर जागा आहे. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही आणि क्षयरोग तिथेच जास्त, असं पाहणीत निघालं. म्हणजे दोष इमारतींतल्या अंतराचा, आणि ते ठरवणारं टेबल तुमच्याच मजल्यावर. म्हणून शिफारस 'जनजागृती'ची करा: 'खिडक्या उघड्या ठेवा' असं पोस्टर तळमजल्यावर लावा. भर दुपारी ते वाचायला ट्यूबलाइट लागेल. तिचं बिल सोसायटी भरेल.