"हातभार" कसला?
जुन्या शेतीच्या आठवणींचा लेख वाचला. बाकी आठवणी छान आहेत, पण त्यात दोन-तीनदा आलंय की बायका शेतीत "हातभार लावायच्या", ते खटकलं. आमच्याकडे येवल्याच्या बाजूला बाजरी पेरताना बैल वडील हाकायचे पण चाड्यावर (पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, बी सोडायच्या वाटीवर) मूठ आईची असायची, ओटीत बी आणि पाभरीमागं अनवाणी चालायचं, बोटांतून दाणा असा सोडायचा की दाटही नको आणि विरळही नको, मूठ चुकली की नांगं (ओळीत बी न पडलेल्या मोकळ्या जागा) पडायचे आणि ते कापणीपर्यंत अख्ख्या गावाला दिसायचे. आता याला हातभार म्हणायचं का? बियाणंही तीच ठेवायची, चांगली कणसं निवडून राखेत, वर कडुलिंबाचा पाला, आणि घरात दाणे संपले तरी त्या मडक्याला कुणी हात लावायचा नाही (आम्ही पोरांनी एकदा लावला, मार खाल्ला).

१९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा आई टेम्पोत उभं राहून गेली होती, पुढं शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी करायचं चाललं तेव्हा वडील नुसतं "बघू" म्हणायचे. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून.