शेडिंग राहू द्या, आधी तांब्याचं तोंड नीट काढा

चित्रकला शिकायची ठरली की बारा पेन्सिलींचा संच घरी येतो आणि मोबाइलवरचा एखादा चेहरा बघून शेडिंग सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे, पहिली तीस-चाळीस चित्रं शेडिंगला हातच लावू नका. आकार चुकलेला असेल तर शेडिंगने तो सावरत नाही, चूक आणखी डोळ्यांत येते.

एक २बी पेन्सिल, पाठकोरे कागद आणि घरातला पितळी तांब्या एवढं पुरतं. पॅडच्या वरच्या कडेखाली दोन-चार जाड पुस्तकं घालून चांगला उतार द्या. टेबलावर सपाट पडलेल्या कागदाकडे आपण तिरकं बघतो, त्यावरचं चित्र आखूड भासतं, आणि ते भरून काढताना तांब्या नकळत लांबुडका होतो.

मग माप. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल आडवी. टोक तांब्याच्या पोटाच्या एका कडेला, अंगठ्याचं नख दुसऱ्या कडेला. तीच लांबी उभी धरून उंचीशी ताडून बघा, एक पट भरते की सव्वा? कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं आणि नवशिक्याला वाटतं की आपला हातच बसत नाही. खुर्ची सरकली तरी तेच होतं, म्हणून तिच्या पायांच्या जागा खडूने आखून ठेवा.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती तोंडापाशी आणि बुडापाशी. स्टीलचा पेला डोळ्यांच्या रेषेत धरा, काठ सरळ रेघेसारखा दिसेल. हळूहळू खाली न्या, लंबवर्तुळ उघडत जाईल. तांब्याचं बूड नजरेपासून तोंडापेक्षा खाली असतं, म्हणून त्याची वक्रता जास्त हवी. पण बूड टेबलावर सपाट टेकलंय हे डोक्यात पक्कं असतं, आणि हात सरळ रेघ ओढून मोकळा होतो. तोंडाची खोड वेगळी. वरची आणि खालची कमान सुटी काढून जोडली की करंजीसारखी टोकं निघतात. खांद्यातून हात फिरवा, हवेत दोन-तीन फेऱ्या मारा आणि पूर्ण लंबवर्तुळ एका दमात काढा. बुडाची न दिसणारी मागची बाजूसुद्धा काढा, तिच्याशिवाय पुढची वक्रता बसत नाही.

चुकलेली रेषा लगेच खोडू नका. बरोबर रेषा शेजारी पडेपर्यंत ती राहू द्या. आधीच खोडली तर किती चुकलं हे कळायला काही उरत नाही, आणि दुसरी रेषा त्याच जागी पडते.

एलिमेंटरी या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या वस्तुचित्रासाठी मुलांकडून एकच तयार चित्र पुन्हा पुन्हा गिरवून घेतात, त्याचं फार वाईट वाटतं. बसायची जागा बदलली की कोन बदलतो आणि गिरवलेलं सगळं वाया जातं. तोच तांब्या जमिनीवर, स्टुलावर आणि टेबलावर ठेवून तीनदा काढायला लावा.

शेडिंगची वेळ आली की तांब्या बाजूला ठेवा. चकचकीत पितळेत सगळी खोली दिसते, नवशिक्या गोंधळतो. मातीची कुंडी घ्या, ट्यूब बंद करा, एकाच खिडकीचा उजेड येऊ द्या. सावलीतला सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेवर टेबलावरून परतलेला उजेड पडतो. आणि बोटाने घासू नका. बोटाचं तेल कागदाला लागलं की तिथे पेन्सिल एकसारखी बसत नाही.