पेटी मोठी केली म्हणून बेस वाढत नाही भाऊ

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. डिक्कीत वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा तर पेटी बसेल तेवढी मोठी करा, घरातल्या फर्निचरचा उरलेला 12 एमएम प्लाय चालतो, समोर एक होल पाडलं की बेस डबल, आणि पेटी जडच असते म्हणून फिट करायची गरज नाही. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि हे वाचून पोरं चांगल्या वूफरची वाट लावताहेत.

पहिलं साइजचं बघू. बंद (होल नसलेल्या) पेटीतली हवा कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, स्प्रिंगसारखी धरून ठेवते, पेटी गरजेपेक्षा मोठी झाली की ती स्प्रिंग ढिली पडते, कोन जास्त आत-बाहेर पळतो आणि व्हॉल्यूम वाढवला की कोनमागची तारेची कॉइल मागे आपटून टक टक येतं. फार लहान केली तर नुसतं घुमतं, खोल बेस जातो. किती लिटर पाहिजे ते वूफरसोबतच्या कागदावर असतं, त्यावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे वूफर पेटीत कसा वागेल ते सांगणारे आकडे थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांच्या गणितातले आहेत, कुणाच्या कानाचा अंदाज नाही. बऱ्याच 12 इंची वूफरला बंद पेटीत 1 घनफूट, म्हणजे 28 लिटरच्या आसपास पुरतं. आणि हे माप आतलं हां! 80 बाय 40 बाय 35 सेंटीमीटरची पेटी बाहेरून 112 लिटर, पण 18 एमएमच्या फळ्या वजा केल्या की आत 87 च उरतात, त्यातून वूफरचं मॅग्नेट, होलला पाइप असेल तर तो, आधाराच्या पट्ट्या अजून वजा. सुताराला बाहेरचं माप देऊन मोकळं झालं की गणित इथेच चुकतं.

आता होल. त्याच 87 लिटरच्या पेटीला नुसतं 4 इंची होल पाडलं तर ती 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 कंपनं) आसपास ट्यून होते, म्हणजे होलमधली हवा त्याच सुराला जोरात घुमते, त्याखालच्या सुरांना कोनला हवेचा आधारच राहत नाही आणि जोरात वाजवला तर वूफर तिथेच फाटू शकतो. 33 हर्ट्झ पाहिजे तर त्याच होलला 17-18 सेंटीमीटर लांब पाइप लागतो, शिवाय 12 इंचीला 4 इंची पाइप कमीच पडतो, जोरात वाजवला की हवेचा फुसफुस आवाज येतो.

12 एमएम प्लायचं थोडक्यात, एवढी मोठी फळी स्वतःच थरथरते. 18 एमएम एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) किंवा चांगला प्लाय घ्या, मधे आडवी पट्टी द्या. जॉइंट नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत बंद गाडी भट्टी होते, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही पाहिजेत, आतून सिलिकॉन. बंद पेटी असेल तर ती गाडीबाहेर वाजवून जॉइंटवरून उदबत्ती फिरवा, जिथे धूर झटके खातो तिथे लीक आहे.

आणि फिटिंगचं कृपा करून ऐका. भुसावळ हायवेवर ट्रॉली आडवी आली आणि कचकन ब्रेक मारला तर 25-30 किलोची सुटी पेटी मागच्या सीटवर येते, तिथे लेकरं बसलेली असतात. एल पट्टीने बॉडीला आवळा. सीएनजी असेल तर सिलेंडरच्या व्हॉल्व्हपुढे पेटी अजिबात नको, हात गेला पाहिजे. आणि ड्रिल लावायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते.