वेग पायात, हात मऊ
बास्केटबॉलवरच्या एका लेखात म्हटलंय, पळत ले-अप (धावत येऊन, उडी मारून बास्केटजवळून टाकलेला चेंडू) मारताना चेंडू जोरात सोडा. नाही पटलं. पूर्ण वेगात असताना तुमचा वेग चेंडूला आधीच मिळालेला असतो. हातानं आणखी जोर दिला की तो बोर्डावर आपटून थेट बाहेर. शाळेत माझे असे कितीतरी गेले! उजवीकडून येताना उजवा पाय, डावा पाय, उडी. शेवटचं पाऊल जरा आखूड, म्हणजे पुढचा वेग वर वळतो. चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला नुसता टेकवायचा. बास्केटबॉलपटू टोनी पार्करचा फ्लोटर, म्हणजे हळूच उंच सोडलेला चेंडू, बघा, उंच बचावपटूंच्या डोक्यावरून किती अलगद सोडायचा! आणि हो, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमात २०१७ पासून पळताना चेंडू पकडतेवेळी टेकलेलं पाऊल मोजत नाहीत. आमच्याकडचे काही पंच तेही पाऊल मोजून अजून शिट्टी फुंकतातच.