कातडीचा इंचभर चौकोन ठेवायला काय जातं?

मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलआय माशाच्या मासेमारीचा सीझन उघडतो आणि आपल्या मंडळींचं दरवर्षीचं सुरू होतं. बोट अजून तळ्याच्या मध्यावर, आणि एक जण मांडीवर फळी घेऊन तुकड्या पाडायला बसलेला. का, तर घरी ओट्यावर घाण नको! अहो, लांबीची मर्यादा असलेला मासा पाण्यावर असेपर्यंत डोकं, शेपटी, पर आणि कातडीसकट राहायला हवा. 20 इंचांवरचा वॉलआय एकच ठेवता येतो. तुकड्यांच्या ढिगात अधिकाऱ्याने पट्टी लावायची कुठे? पाण्यावरच रांधून खाणार असाल तर गोष्ट वेगळी. पण कूलरमध्ये कालवणाच्या तुकड्या भरून "आमच्यात असंच कापतात" म्हणणं म्हणजे दंडाला हाताने धरून घरी आणणं.

मोजायलाही येत नाही कुणाला. तोंड मिटवायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणायची, मग तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. पाईक माशाला तर हे हवंच. राज्याच्या उत्तर-मध्य झोनमध्ये 22 ते 26 इंचांचा पाईक सोडूनच द्यावा लागतो, म्हणजे तिथे अर्ध्या इंचाने खेळ होतो. वर त्याच्या वाय आकाराच्या काट्यांची कटकट, तरी हाव काही सुटत नाही.

मग किनाऱ्यावर येऊन फिले, म्हणजे हाडावेगळे मांसाचे लांब काप, काढतात आणि एवढी सफाई दाखवतात की कातडीचा ठिपका राहत नाही. नेताना प्रत्येक फिलेवर खवल्यांसकट एक इंच बाय एक इंच कातडी लागते, पोटाकडची चालत नाही. सनफिश, क्रॅपी, बुलहेड या माशांना सूट आहे, वॉलआयला नाही. काम दहा सेकंदांचं. सुरी शेपटीकडून कातडी आणि मांसाच्या मधून सरकवायची, शेवटी अंगठ्याएवढा चौकोन राहिला की थांबायचं आणि त्याच्या कडेने कातडी कापून टाकायची. खवलं खरवडून ठेवलेली कातडी उपयोगाची नाही. तो मासा वॉलआयच आहे हे खवल्यांवरून ओळखायचं असतं, आणि नेमकी तीच घासून चकचकीत करतात!

फ्रीजरचं तर विचारूच नका. बारा फिले एका पिशवीत कोंबायचे, पाणी ओतायचं, त्याची वीट करायची. कायद्याला मासे सुटे करता, ओळखता आणि मोजता यायला हवेत. झिपलॉकमध्ये एकच थर पसरा, आडवी ठेवून गोठवा, हवा दाबून काढा. नाहीतर वीट फोडताना मांसाचा भुगा होतो आणि कडा पांढऱ्या पडून चामट होतात. आणि हो, घरच्या फ्रीजरमधला मालही तुमच्या कोट्यातच, म्हणजे जवळ ठेवता येणाऱ्या माशांच्या संख्येतच, धरला जातो. "तो मागच्या आठवड्याचा आहे" हे उत्तर नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते लाइव्हवेलवर, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीवर. मासा ताजा राहावा म्हणून तळ्याचं पाणी भरून थेट हायवेला! तळी बिघडवणाऱ्या झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती ह्याच पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. बोट पाण्याबाहेर काढायच्या रॅम्पवरून निघण्याआधी पाणी सोडायचं बूच काढायचं आणि वाटेत ते काढलेलंच ठेवायचं. मासा जाईल बर्फावर. कल्ल्याची कमान चिरून रक्त जाऊ द्या, खाली बर्फ, मग मासा, वर परत बर्फ, आणि कूलरची तोटी उघडी ठेवा. वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला मासा लिबलिबीत होतो; मग बायांनो-बाबांनो, आमसुलाला दोष देऊ नका.

आतडी-डोकी तळ्यात किंवा झुडपात टाकायची नाहीत. कचऱ्याची गाडी गुरुवारी येत असेल तर बुधवार रात्रीपर्यंत दोन पिशव्यांत गाठ मारून फ्रीजरमध्ये. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.