"पिंजरे काढा, सगळ्यांना एकत्र सोडा" या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की विदर्भातल्या प्राणीप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: निवाऱ्यातली कुत्री कोंडल्यामुळे मरतात, त्यांना आवारात एकत्र मोकळं सोडा, रोज फिनाईल टाकून पाइपानं धुवा, बाकीचं आपलं ऊन बघून घेईल, आणि नव्या जिवाला आठवडाभर लस टोचू नका. लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे. पण या सल्ल्यानं पिल्लं दगावतात. आमच्या निवाऱ्याच्या टिनशेडमध्ये दगावली आहेत.

आधी उन्हाचं. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू उन्हात, कोरड्यात फार टिकत नाही, एवढं खरं. तो शिंका-खोकल्यातून, एकमेकांच्या संगतीनं पसरतो, म्हणजे एकत्र सोडणं त्याच्याच सोयीचं. पार्वो, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा विषाणू, मात्र चिवट. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हगवण त्यात मुरली की सावलीत, ओलीत हा विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही जिवंत राहतो. माती काही धुता येत नाही. म्हणून पिल्लांखाली उताराचा गुळगुळीत कोबा किंवा फरशीच हवी. भिंतींच्या चिराही बुजवा, गोचिडी तिथंच दडतात.

आता फिनाईल. वास येतो म्हणून स्वच्छ झालं असं वाटतं, पण पार्वोवर त्याचा भरवसा नाही, आणि मांजरांना तर ते विषारी. उपाय गावातच आहे: ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असेल तर १० लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम पुरते. पण आधी घाण उचलायची, साबणानं घासायचं, खळबळून काढायचं, मगच हे पाणी टाकून १० मिनिटं ओलं ठेवायचं. शेण-विष्ठेवर ओतलेलं क्लोरीन तिथंच संपतं. अॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि कुत्री आत असताना पाइप मारायचाच नाही: शिंतोडे शेजारच्या खणात जातात, पिल्लू ओलं राहतं.

कोंडण्याबद्दलचा राग मला कळतो. अरुंद, अंधाऱ्या पिंजऱ्यात ठेवणं क्रूरच. पण त्यावर उत्तर आहे ते दोन कप्प्यांचा खण, मध्ये सरकतं दार. एका कप्प्यात कुत्रं, दुसरा धुवायचा. एकात झोप, दुसऱ्यात विष्ठा. वर तणस टाकलं, पडद्याला गोणपाट लावलं की टिनाची धग बरीच कमी होते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही रस्त्यावरून आणलेली सहा पिल्लं दया येऊन थेट मोठ्यांत सोडली. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण सुरू झाली. चार गेली. पार्वोची लक्षणं दिसायला दोन आठवडेही लागू शकतात, म्हणून आता नवं प्रत्येक जनावर १४ दिवस वेगळ्या खणात. त्यांचा खराटा, भांडी, चपला वेगळ्या. कामाचा क्रमही ठरलेला: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, नंतर नवी, सगळ्यात शेवटी आजारी.

लसीचा सल्ला सगळ्यात घातक. धोका पहिल्या तासापासून असतो, तर वाट कशाची पाहायची? डिस्टेंपर-पार्वोची एकत्रित लस आल्याआल्याच द्यायची, पिल्लांना चार ते सहा आठवड्यांपासून, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा, साधारण पाच महिन्यांचं होईपर्यंत. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण आधीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतं, म्हणून एका टोचणीवर थांबायचं नाही. आमच्या रजिस्टरात आता नावाआधी लसीची तारीख लिहितात.