सात नंबरचं पान

काल संध्याकाळी माझ्या अख्ख्या साम्राज्याचे दिवे लावणारा मंत्र एका गृहस्थांनी चार गरम उंड्यांभोवती (आमच्याकडचे गोल पाव) गुंडाळला आणि घरी नेला. जाताना वर म्हणाले, "येतो बाय. लिहीत राहा." आणि त्या पानाचे पैसे झेरॉक्सवाल्या पोरानं माझ्याकडून घेतले.

मी कादंबरी लिहिते आहे. अद्भुतरम्य. तिच्यात तेजोवती नावाचं राज्य आहे, तिथे वीज, इंजिन, तारा, टेलिफोन हे कधी निघालंच नाही. त्याऐवजी मंत्र निघाले. दिवा लावायचा तर दीपमंत्र, पाणी चढवायचं तर जलमंत्र, निरोप धाडायचा तर आरशात बघून नाव घ्यायचं. तीन वर्षं मी याचे नकाशे काढते आहे. सात प्रांत आहेत, चार ऋतूंचे चार सण आहेत, राजघराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ आहे. (सासरची वंशावळ मला तीन पिढ्यांपलीकडे सांगता येत नाही, हे नवऱ्यानं एकदा चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळ्यांसमोर काढलं. असो.) रविवारी वाचन होतं, म्हणून पहिली चाळीस पानं छापून घ्यायला गोव्यात फोंड्याला तिस्कावरच्या एका दुकानात गेले.

पोरानं फाइल उघडली आणि तेजोवती कोसळली. त्याच्या कंप्युटरात माझा फॉन्ट नव्हता. जोडाक्षरांचे पाय तुटले, वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसल्या, आणि सातव्या पानावरचा दीपमंत्र, जो मी हौसेनं वळणदार अक्षरांत घातला होता, तो नऊ रिकामे चौकोन होऊन समोर आला.

"पीडीएफ करून आणायचं असतं मॅडम," पोरगा म्हणाला. "पण वाचता येतं. चालतं."

चालतं! मंत्राचा उच्चार चुकला तर अनर्थ होतो, यावर माझं सगळं राज्य उभं आहे. कल्पना माझी नाही, आपल्याकडे ती वेदकाळापासून आहे. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा मुलगा मिळावा म्हणून यज्ञ केला, 'इंद्रशत्रु' म्हणताना स्वराचा आघात भलत्या अक्षरावर पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्राला मारणारा जन्मायचा त्याऐवजी इंद्राकडून मरणारा वृत्र जन्मला. एका आघाताचं हे फळ. इथे पन्नासेक वेलांट्या जागा सोडून बसल्या होत्या. पण पाऊस कोसळत होता, पीडीएफ करायला घरी जाऊन परत यायचं म्हणजे दोन बसेस, म्हणून म्हटलं, छाप बाबा.

अकरा पानं बाहेर आली. बारावं अर्धं आलं आणि लाईट गेली. कुठे तरी तारेवर फांदी पडली असेल. आषाढात फांद्या पडतातच, त्यात कुणाला काय बोलणार. प्रिंटरनं माझं बारावं पान दातांत धरून ठेवलं आणि आम्ही सगळे गप्प बसलो.

सगळे म्हणजे मी, पोरगा, आणि स्टुलावर बसलेले एक काका. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू झेरॉक्स करायला आले होते. वय सत्तरीच्या आसपास, मांडीवर मिटलेली छत्री, तिच्यातून गळणारं पाणी थेट माझ्या पिशवीवर. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, यांच्या खिशात टेस्टर होता. हे माझ्या वेळीच लक्षात यायला हवं होतं.

काकांनी हात लांब करून ट्रेमधली पानं उचलली. सहज. पेपर उचलावा तशी.

"कितें गो हें?" म्हणाले. मग अक्षरं मराठी आहेत असं दिसल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि भाषाच बदलली. आमच्याकडे बऱ्याच घरांत मराठी ही समईसारखी असते. रोज वापरत नाहीत, पण पाहुणा आला की घासूनपुसून बाहेर काढतात. काकांची समई तर रंगभूमीवरची होती. "ही कादंबरी आहे का? उत्तम! मी गावच्या जत्रेत नाटकात अश्वत्थामा केलेला आहे. तीन वर्षे. पोटापाण्याला लाइनमन."

आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुकानात. माझ्या तोंडासमोर. तुटलेल्या जोडाक्षरांसकट.

"'तेजोवतीत अंधार कोणी पाहिलाच नव्हता.' छान. खांब किती?"

"खांब नाहीत काका. मंत्रानं दिवे लागतात."

"तारा?"

"तारा पण नाहीत."

"मग येते कुठून?"

"काय?"

"जे येते ते."

मी त्यांना चैतन्यतत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्या प्रकरणात त्यावर सहा पानं आहेत. ते सर्वत्र भरलेलं असतं, मंत्र फक्त त्याला आकार देतो. काकांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"सर्वत्र भरलेले आहे, ते मान्य. पण येते कुठून? आपल्याकडे बटण दाबले की लागते, तेव्हा लोकांना वाटते भिंतीतून येते. गोव्यात वीज तयार होत नाही बाय, जवळजवळ सगळी बाहेरून आणतात. कुठे तरी लांब कोळसा जळतो, तेव्हा तुमचा मिक्सर फिरतो. तुमच्या राज्याचा कोळसा कुठे जळतो?"

मी म्हटलं, ही कल्पना आहे काका. ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, कोळसा कुठे जळतो? मी म्हटलं, नाही जळत. "बरे," म्हणाले, आणि त्या 'बरे'मध्ये माझी सहा पानं बुडाली.

"चवथीच्या दिवशी काय करता?"

"आमच्यात, म्हणजे त्यांच्यात चवथ नाही. दीपोत्सव आहे. वसंतात."

"तेच ते. सगळ्या गावाने एकाच वेळी मंत्र म्हटला. गणपतीवरच्या माटोळीला माळा, अंगणात फोकस, वर पंप. मग?"

"मग सगळ्यांचे दिवे लागतात."

"लागतात?" काका पोराकडे वळले. "लागतात म्हणे!" आणि दोघं हसले. तो पोरगा, ज्याला माझा फॉन्ट कशाशी खातात ठाऊक नव्हतं, तोही हसला.

यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात. मंत्र चोरून म्हणणाऱ्याला दंड किती? (आकडे टाकणारे सगळीकडे असतात बाय.) एकाच्या घरचा मंत्र दुसऱ्याच्या घरात ऐकू गेला तर दिवा कुणाकडे लागतो? नवव्या पानावर नायक प्रकाशस्तंभाला मिठी मारतो, त्याने आधी लाइन क्लिअर, म्हणजे तारेतली वीज बंद केल्याची खात्री, घेतली होती का? मी म्हटलं, तो राजपुत्र आहे. "राजपुत्राला शॉक लागत नाही? लाइन क्लिअर घेतल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. मग राजपुत्र असो नाही तर मंत्री." इथे त्यांनी छत्री आपटली. पाणी माझ्या पिशवीवर.

"आणि बंद पडले की कुणाला बोलावतात?"

"बंद पडत नाही."

काकांनी चष्मा काढला. अश्वत्थामा करतानाही ते हे असंच करत असणार, फक्त तेव्हा चष्म्याच्या जागी मुकुट असेल.

"बंद पडत नाही अशी वस्तू मी नोकरीत पाहिली नाही. घरी पाहिली नाही. देवळात पाहिली नाही. आमच्या गावचा देवचार घ्या."

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: देवचार हा गावचा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन शिवेवरून फेरी मारतो, रानात वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, अशी श्रद्धा. त्याला रोट देतात, विडी देतात, कुठे कुठे सोरो, म्हणजे दारू, देतात. आणि वहाणा देतात.

"वहाणा का देतात?" काकांनी विचारलं. "कारण झिजतात! देवचार असूनसुद्धा वहाणा झिजतात. ज्या म्हाताऱ्यांनी देवचार मानला, त्यांनी खर्चाचा हिशेब आधी ठेवला. आणि तुमच्या सात प्रांतांत काहीच झिजत नाही?"

विषय बदलावा म्हणून मी खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, काढली. म्हटलं, काका, आपल्याकडे काही गोष्टी आपोआप चालतातच की. मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार बघा. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं, दार बंद. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं, दार उघड. माणूस नाही, वीज नाही, खारं पाणी शेतात शिरत नाही. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्यांनी १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराचे, रिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले, तेव्हा ही गावं आधीच... मी बरंच बोलले. मला बरं वाटायला लागलं होतं.

"मी दुर्भाटचा," काका म्हणाले. "मानशीचे दार लाकडाचे. लाकूड कुजते. बांधाला खेकडे भोके पाडतात. एक भोक राहिले की एका रात्रीत शेत खारट. दार आपोआप चालते ते पाहायला सगळे येतात. भोक बुजवायला चिखलात कोण उतरतो? तुमच्या अकरा पिढ्यांत चिखलात उतरलेला एक तरी आहे का?"

अकरा पिढ्यांत सगळे राजे आहेत. दोन राण्या.

आता मला राग आला. अजून आहे. कौटुंबिक कादंबरीत माणसं दोनशे पानं जेवतात, भांडी कोण घासतं हे कुणी विचारत नाही. मालिकेतली सून पहाटे पाचला दागिने घालून उठते, तिच्याकडे कुणी पावती मागत नाही. आम्ही जरा एक दिवा मंत्रानं लावला की लगेच मीटर कुठे, अर्थिंग कुठे, वायरमन कुठे! नवरा नकाशा बघून विचारतो, यांचा कचरा कुठे जातो. मैत्रीण विचारते, पाळीच्या वेळी मंत्र चालतो का. मोठी बहीण तर एवढंच म्हणाली, "तुला वेळ बरा मिळतो गो." या माणसांनी घरातलं एमसीबी कुठे आहे ते कधी शोधलेलं नाही. अंधार झाला की दाराशी येऊन फक्त विचारतात, शेजारी आहे का? शेजारी पण नसली की समाधानानं परत जाऊन बसतात.

हे सगळं मी काकांना सुनावणार होते, तेवढ्यात ते सातव्या पानावर आले आणि नऊ चौकोनांवर बोट ठेवून थांबले.

"हा मंत्र?"

"फॉन्ट गेलाय काका."

"कसा म्हणायचा?"

मी म्हणून दाखवला. होय, दुकानात. अनुष्टुभात आहे, सहज म्हणता येतो. लाईट आली नाही. पोरगा वर बघत होता, मला वाटतं त्याला किंचित आशा होती.

"लावायचा समजला. बंद करायचा कसा?"

मी गप्प.

"अश्वत्थाम्याचे तेच झाले," काका आता पूर्ण आवाजात होते, रस्त्यावरचे दोघं छत्रीखालून वळून बघायला लागले. "अस्त्र दोघांनी सोडले. अर्जुनाने मागे घेतले. अश्वत्थाम्याला सोडता येत होते, मागे घेता येत नव्हते! मग ते गेले उत्तरेच्या गर्भावर. तीन वर्षे मी हे भाषण केले आहे बाय. स्विच नसलेली वस्तू घरात आणायची नाही."

तीन वर्षं मीही केली आहेत. सात प्रांत, चार सण, आणि तीन वर्षांत माझ्या एकाही पात्राला झोपताना दिवा मालवावासा वाटला नव्हता. लग्नाच्या रात्रीसुद्धा. ते प्रकरण मी दोनदा लिहिलं आहे.

"आणि जो बोलत नाही त्याने काय करायचे?" काकांनी पान उलटून मागे बघितलं, तिथे काही छापलंय का म्हणून. "आमची ही गेल्या वर्षापासून बोलत नाही. झटका आला, तोंड गेले. हात चालतो. बटण दाबते. तुमच्या राज्यात ती काळोखात बसणार."

हे त्यांनी लोड किती, फ्यूज कुठे, याच आवाजात विचारलं. यावर काय बोलायचं असतं? वादात जिंकायची ही काय रीत झाली! मी म्हटलं, बघते काका, काही तरी करते. म्हणजे मी एका काल्पनिक राज्याच्या वतीनं, तिस्कावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, आश्वासन दिलं.

तेवढ्यात बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला. सायकलवर प्लास्टिकखाली झाकलेली टोपली. काका उठले, आधार कार्ड खिशात घातलं, पायरीवरूनच चार उंडे घेतले. पिशवी नव्हती. हातात सातवं पान होतं. ओलं होऊ नये म्हणून त्यांनी ते दुहेरी घडी घालून इतकं नीट गुंडाळलं की बघत राहावं. येतो बाय, लिहीत राहा.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि लाईट आली. प्रिंटरनं बारावं पान चावून बाहेर टाकलं, मग बाकीची पानं काढली. मी म्हटलं, सातवं परत काढ. परत आले तेच नऊ चौकोन.

"बेचाळीस पानं," पोरगा म्हणाला.

"चाळीस आहेत."

"बारावं खराब झालं ते एक. सात नंबर दोनदा."

"सात नंबर ते काका घेऊन गेले!"

"ते रोज एक नेतात मॅडम," पोरगा सुटे मोजत म्हणाला. "काल एकाचा लग्नाचा बायोडेटा नेला. मुलाची उंची चुकली आहे म्हणाले."